माजी सैनिकाच्या कुटुंबाने आपल्या सवलती आणि हक्क कसे मिळवावेत

पेन्शन दरमहा नियमित जमा होत असते तोपर्यंत माजी सैनिकाच्या घरातील कागदपत्रांची पेटी सहसा कोणी उघडत नाही. ती उघडली जाते सैनिकाच्या निधनानंतर, आणि मग असे आढळते की लष्कराच्या दप्तरात पत्नीचे नाव सुमन आहे, आधार कार्डावर शालिनी आहे आणि धाकट्या मुलीची तर कोठे नोंदच नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले. पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जाणाऱ्या अशा गावांत कोणता कागद कोठे द्यायचा हे पारावर बसूनही कळते. ज्या गावात फौजेतला एकच माणूस आहे, तेथील कुटुंबाला मात्र विचारायलाही कोणी नसते. हा लेख प्रामुख्याने अशा कुटुंबासाठी आहे, आणि सैनिक हयात असतानाच यातील बहुतेक कामे उरकून घ्यावीत असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पहिले काम : मूळ कागद एका जागी आणावेत

डिस्चार्ज बुक, पेन्शन मंजुरीचा आदेश म्हणजे पीपीओ आणि माजी सैनिक ओळखपत्र हे तीन कागद पुढच्या प्रत्येक अर्जाला लागतात. डिस्चार्ज बुकात सेवा क्रमांक, हुद्दा, रेकॉर्ड ऑफिस म्हणजे सैनिकाच्या सेवेच्या नोंदी ठेवणारे कार्यालय, सेवेचा कालावधी, सेवामुक्तीचे कारण आणि कुटुंबीयांची नावे असतात. त्याची पाने जुनी होऊन सुटू लागतात, म्हणून प्रत्येक पानाची स्वच्छ प्रत काढून ठेवावी आणि मूळ पुस्तक अर्जासोबत कधीही देऊ नये. पडताळणीसाठी दाखवावे आणि परत घ्यावे. ते हरवले असल्यास पोलीस ठाण्यात नोंद करून त्या दाखल्यासह रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करावा.

आपले रेकॉर्ड ऑफिस कोणते हे घरातील आणखी एका माणसाला तरी ठाऊक असले पाहिजे. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, रणगाडा दलाचे अहिल्यानगरला, तर नौसैनिकांचे दप्तर मुंबईत मानखुर्दला आहे. सेवा क्रमांक आणि रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता एका वहीत ठळक अक्षरांत लिहून ती वही देवघरात किंवा कपाटात अशा जागी ठेवावी की पत्नीला ती विनासायास सापडेल.

दुसरे काम : नावे आणि जन्मतारखा जुळवाव्यात

सर्वांत जास्त अर्ज अडतात ते येथे. आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव बदलते आणि पूर्वी अनेक घरांत पहिले नावही बदलत असे. जवान रजेवर येऊन लग्न करून परतला की पलटणीत जे नाव सांगायचा, ते कधी माहेरचे असे, कधी सासरचे. ऐकणारा लेखनिक परप्रांतीय असल्यास त्याच्या कानाला जसे आले तसे ते इंग्रजीत उतरत असे. पुढे शाळेचा दाखला, रेशनकार्ड, मतदार यादी आणि आधार यांवर वेगवेगळी रूपे आली. सैनिक जिवंत असेपर्यंत या विसंगतीची झळ कोणालाच लागत नाही, कारण पेन्शन त्याच्या नावाने येत असते. कुटुंब निवृत्तिवेतनाचा प्रश्न येताच मात्र ‘दप्तरातील सुमन म्हणजेच ही शालिनी’ हे सिद्ध करण्याचा भार त्या एकट्या स्त्रीवर पडतो, तोही तिच्या आयुष्यातील सर्वांत कठीण दिवसांत. याच कारणासाठी मूळ कागद हाती आले की मी इतर सर्व कामांच्या आधी हे काम ठेवतो.

लग्न, अपत्यजन्म, नावातील बदल अशा कौटुंबिक घटनांची नोंद सेवेत असताना ‘पार्ट टू ऑर्डर’ने होते. जो अजून सेवेत आहे त्याने निवृत्तीपूर्वी आपल्या युनिटमध्ये बसून पत्नीचे आणि प्रत्येक अपत्याचे नाव, जन्मतारीख व स्पेलिंग आधार कार्डाशी अक्षरश: ताडून पाहावे. निवृत्तीनंतर दुरुस्ती करायची असल्यास दंडाधिकाऱ्यांसमोर केलेले पती-पत्नीचे प्रतिज्ञापत्र, विवाहाचा दाखला, आधार आणि पॅन यांसह जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करावा. नाव पूर्णपणे वेगळे असेल तर वृत्तपत्रातील जाहीर सूचना किंवा राजपत्रातील प्रसिद्धीही मागितली जाते, म्हणून खर्च करण्यापूर्वी आपल्या प्रकरणात नेमके काय लागेल हे कार्यालयात विचारून घ्यावे. फरक केवळ एखाद्या अक्षराचा असेल आणि लष्करी दप्तरातील नाव बरोबर असेल, तर आधार दुरुस्त करणे अधिक सोपे जाते.

कुटुंबात दिव्यांग अपत्य असल्यास त्याची नोंद आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र वडील हयात असतानाच दप्तरी लावावे. स्वत:ची उपजीविका करू न शकणाऱ्या अशा अपत्यास आई-वडिलांच्या पश्चात आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलीलाही अटींच्या अधीन राहून हा लाभ आहे. मुलीचे लग्न मोडले तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रत याच फाइलमध्ये ठेवावी.

तिसरे काम : जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी

राज्याचा सैनिक कल्याण विभाग पुण्यात आहे आणि त्याच्या अधिपत्याखाली जिल्ह्यांमध्ये जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये काम करतात. माजी सैनिकांच्या कल्याणाचे काम पाहणाऱ्या केंद्रीय सैनिक बोर्डाच्या योजनांचे अर्ज याच कार्यालयात तपासले जातात. निवृत्त होऊन गावी आल्यावर येथे नाव नोंदवून ओळखपत्र घ्यावे, आणि पत्नीचे अवलंबित ओळखपत्रही त्याच वेळी काढावे. विभागाच्या ‘महासैनिक’ संकेतस्थळावरही नोंदणी करता येते. मोबाइल क्रमांक बदलला, घर बदलले की कार्यालयाला कळवावे. संपर्क तुटला की मेळाव्याची, शिष्यवृत्तीची आणि अर्जातील त्रुटीची सूचना घरापर्यंत पोहोचत नाही.

कार्यालयातील कल्याण संघटक हे पद ध्यानात ठेवण्यासारखे आहे. हे बहुधा स्वत: माजी सैनिक असतात आणि घरांच्या अडचणी त्यांना ठाऊक असतात. वृद्ध विधवेला एकटीने जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे शक्य नसेल, तर आधी फोन करून कोणते कागद लागतील हे विचारावे आणि एकाच फेरीत काम उरकावे.

येथूनच मिळणाऱ्या दाखल्यावर आणखी काही गोष्टी अवलंबून असतात. राज्य शासनाने २०२० मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने सुरू केलेल्या माजी सैनिक सन्मान योजनेनुसार माजी सैनिक व त्यांच्या विधवांना राज्यातील एका मालमत्तेवरील करात माफी आहे. त्यासाठी कार्यालयाचे प्रमाणपत्र जोडून ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महानगरपालिकेकडे अर्ज करावा लागतो. ही माफी आपोआप लागू होत नाही, आणि कित्येक घरे केवळ अर्ज न केल्यामुळे वर्षानुवर्षे घरपट्टी भरत आली आहेत. राज्याच्या गट क आणि गट ड पदांच्या भरतीत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. सैनिकांच्या मुलामुलींसाठी अनेक जिल्ह्यांत वसतिगृहे आहेत. प्रवेशाची चौकशी निकाल लागण्याची वाट न पाहता आधीच करावी. सुरक्षारक्षकाचे काम हवे असल्यास माजी सैनिकांच्या मेस्को या पुण्यातील महामंडळाकडे नाव नोंदवता येते.

चौथे काम : ‘स्पर्श’ आणि हयातीचा दाखला

संरक्षण दलांची पेन्शन आता ‘स्पर्श’ या प्रणालीतून थेट खात्यात जमा होते. निवृत्तिवेतनधारकाने आपले लॉगिन चालू आहे का, मोबाइल क्रमांक व आधार जोडलेले आहेत का, आणि पत्नीची माहिती तेथेही बरोबर आहे का हे पाहावे. संगणक येत नसेल तर गावातील सामायिक सेवा केंद्रात किंवा स्पर्श सेवा केंद्रात हे काम करता येते. पासवर्ड आणि ओटीपी मात्र कोणालाही सांगू नये. पेन्शन बंद पडेल अशी भीती घालून फोनवर माहिती विचारणारा माणूस फसवणूक करणारा असतो, हे घरातील वृद्धांना पुन:पुन्हा सांगावे.

हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो आणि तो राहिला की पेन्शन थांबते. चेहऱ्याच्या ओळखीवर चालणाऱ्या मोबाइल ॲपमुळे तो घरबसल्या देता येतो, त्यामुळे शेतात कष्ट करून बोटांचे ठसे झिजलेल्या माणसांची मोठी सोय झाली आहे.

पाचवे काम : ईसीएचएस कार्ड

पेन्शन घेणारे माजी सैनिक व त्यांच्यावर अवलंबून असणारे कुटुंबीय यांच्यासाठी ही आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून चालू आहे. मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत किंवा तो कमावता होईपर्यंत, मुलीला लग्न किंवा नोकरी होईपर्यंत, आणि आई-वडिलांना त्यांचे एकत्रित मासिक उत्पन्न ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता या मर्यादेत असल्यास ती लागू होते. आधी योजनेच्या दवाखान्यात म्हणजे पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी, मग तेथील संदर्भचिठ्ठीवर योजनेशी संलग्न रुग्णालयात उपचार, असा नेहमीचा क्रम आहे. जिवावरच्या प्रसंगी हा क्रम पाळण्याची गरज नसते. थेट जवळच्या रुग्णालयात जावे. ते संलग्न नसेल तर ४८ तासांच्या आत आपल्या पॉलिक्लिनिकला कळवावे, सर्व मूळ बिले, अहवाल व डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे आणि प्रतिपूर्तीसाठी अर्ज करावा. प्रतिपूर्ती शासकीय दरांनी होते, त्यामुळे पूर्ण खर्च परत मिळेलच असे नाही.

सहावे काम : अनुदाने आणि शिष्यवृत्त्या

केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत दिल्या जाणाऱ्या पुढील तीन अनुदानांच्या रकमा १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी दुप्पट झाल्या आहेत. पेन्शन नसलेल्या आणि उत्पन्नाचे साधन नसलेल्या ६५ वर्षांवरील माजी सैनिकास किंवा त्याच्या विधवेस दरमहा ८,००० रुपये मिळतात. दोन अपत्यांपर्यंत, पहिलीपासून पदवीपर्यंत, शिक्षणासाठी प्रत्येकी दरमहा २,००० रुपये आहेत. मुलीच्या लग्नासाठी, दोन मुलींपर्यंत, तसेच विधवेच्या पुनर्विवाहासाठी १,००,००० रुपये आहेत. हा अर्ज लग्नानंतर १८० दिवसांत करायचा असतो. शिक्षण व विवाह अनुदान हवालदार व त्याखालील हुद्द्यांसाठी आहे. व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या पाल्यांनी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेसाठीही अर्ज करावा. त्यासाठी बारावीत किमान ६० टक्के गुण लागतात. मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये दिले जातात.

पहिल्या योजनेबद्दल थोडे थांबून सांगावेसे वाटते. पाच-सात वर्षे नोकरी करून घरी परतलेले, पेन्शन नसलेले जुने जवान गावोगावी आहेत. आपल्याला काहीच लागू नाही असे धरून ते कार्यालयाची पायरीच चढत नाहीत. आपल्या ओळखीत असे कोणी असेल तर त्यांचे डिस्चार्ज बुक घेऊन त्यांना स्वत: कार्यालयात न्यावे.

सैनिकाच्या निधनानंतर

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करून दाखल्याच्या अनेक प्रती घ्याव्यात. ‘स्पर्श’वर मृत्यूची माहिती देऊन कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज करावा, आणि रेकॉर्ड ऑफिस व जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यांना लेखी कळवावे. निधनानंतरही खात्यात पेन्शन जमा होत राहिली तर ती काढू नये. ती नंतर वसूल केली जाते आणि विधवेचे वेतन कापले जाते.

निवृत्तीनंतर नैसर्गिक मृत्यू झाल्यास पत्नीला शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के दराने सात वर्षे, किंवा पतीला ६७ वर्षे पूर्ण झाली असती त्या दिवसापर्यंत, यांतील जे आधी असेल तोपर्यंत, आणि त्यानंतर ३० टक्के दराने निवृत्तिवेतन मिळते. किमान रक्कम ९,००० रुपये व त्यावर महागाई दिलासा आहे. मृत्यू सैनिकी सेवेमुळे झाला असल्यास हा दर ६० टक्के, आणि युद्धजन्य कारवाईत वीरमरण आले असल्यास शेवटच्या वेतनाइतका पूर्ण असतो. मृत्यूचे कारण कागदावर कसे नोंदले आहे यावर हा फरक ठरतो, म्हणून तो आदेश नीट वाचून घ्यावा. भूदलातील कुटुंबांनी सैन्य समूह विम्याच्या निवृत्तीनंतरच्या विस्तारित संरक्षणाची चौकशीही अवश्य करावी. त्यानंतर पत्नीचे नवे ओळखपत्र आणि ईसीएचएस कार्डातील बदल ही कामे हाती घ्यावीत.

अर्ज अडल्यास

प्रत्येक अर्जाची पोच आणि तारीख वहीत लिहावी, आणि आलेल्या त्रुटीचे उत्तर लेखी द्यावे. वकिलाचा सल्ला लागल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. जुलै २०२५ मध्ये सुरू झालेल्या वीर परिवार सहायता योजनेखाली सैनिक कुटुंबांना विनामूल्य कायदेशीर मदत दिली जाते आणि त्यासाठी सैनिक बोर्डांच्या कार्यालयांतच विधी सेवा केंद्रे उघडण्याची तरतूद आहे. पेन्शन किंवा दिव्यांगत्वाचा दावा लेखी आदेशाने फेटाळला गेला, तर महाराष्ट्र व गोव्यातील कुटुंबाला सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे दाद मागता येते. तेथे अर्जासोबत तो फेटाळणीचा आदेश लागतो, म्हणून कोणी केवळ तोंडी नकार दिला तर ‘हे मला लिहून द्या’ असे नम्रपणे सांगावे आणि लेखी उत्तर घेतल्याशिवाय प्रकरण सोडू नये.