लिनोकट करताना खरी परीक्षा शाईची

छापचित्र कशासाठी करायचं? ‘एकाच चित्राच्या वीस प्रती निघतात’ एवढंच उत्तर असेल तर या कामाचा लवकरच कंटाळा येईल. मी यात रमले ती कागद उचलण्याच्या क्षणासाठी. उलटं कोरलेलं चित्र सुलटं होऊन समोर येतं आणि आपल्या हातून काय झालंय ते तेव्हाच कळतं.

लिनो म्हणजे लिनोलियमचा मऊ, कोरता येणारा तुकडा. कोरलेला भाग छाप्यात कोरा राहतो, उरलेल्या भागाला शाई लागते. चित्र लिनोवर उलटं उतरवा; अक्षरं असतील तर आरशात तपासा. लिनो कडक वाटला तर जरा उन्हात ठेवा. कोरताना दुसरा हात कायम पात्याच्या मागे.

मात्र सगळं कोरून संपेपर्यंत थांबू नका. अर्धं झालं की कच्चा छापा घ्या, त्यावर पांढऱ्या रंगाने खुणा करा आणि मगच पुढचं काढा. कोरलेला लिनो पुन्हा भरून येत नाही. ‘आधी चित्र मनात पक्कं करा’ हे मला अजिबात पटत नाही. डच चित्रकार रेम्ब्रांटने ‘तीन क्रूस’ या छापचित्राच्या पत्र्यावर १६५३ साल कोरलं आणि पुढे तोच पत्रा इतका बदलला, की आधीच्या कितीतरी आकृत्या काळोखात गेल्या. चित्र छापता छापता सापडतं.

आता शाई. ‘सढळ हाताने लावा, म्हणजे काळा गडद येतो’ हा सल्ला मी वर्षभर पाळला. तेव्हा एक पक्षी कोरला होता. त्याच्या पंखातल्या केसाएवढ्या रेषा दर छाप्यात बुजायच्या. मी कागद बदलला, शाई बदलली, शेवटी रेषा आणखी खोल केल्या, तर त्यांच्यामधल्या बारीक कडाच तुटल्या. ठसा, म्हणजे कोरलेला लिनो, वाया गेला. कोरण्यात काहीच चुकलं नव्हतं. थर जाड होता, बस.

तळहाताएवढ्या ठशाला वाटाण्याएवढ्या शाईपासून सुरुवात करा. शाई काचेवर घ्या, तिच्यावरून रोलर पुढे न्या, उचला, मोकळा फिरू द्या, मग पुन्हा टेकवा. न उचलता मागेपुढे घासत राहिलात तर रोलरचा तोच तोच भाग काचेला लागतो आणि पट्टे पडतात. इथे कान उघडे ठेवा. ओला चपचप आवाज आला की शाई जास्त झाली. कोरडा, बारीक, सलग सरसर आवाज आला की बरोबर. काचेवरचा थर मखमलीसारखा दिसायला हवा. संत्र्याच्या सालीसारखे खड्डे दिसले तर सुरीने निम्मी शाई खरवडून काढा. हात आखडतो, मला माहीत आहे, पण काढाच.

ठशावर पातळ थर द्या: चार-पाच वेळा, दिशा बदलून, दर वेळी रोलर काचेवर फिरवून आणून. दाबू नका, रोलरचं वजन पुरतं. मग ठसा तिरप्या उजेडात धरून पाहा. चमक सगळीकडे सारखी हवी.

पहिले दोन-तीन छापे फिके येतील. कोरा लिनो शाई पितो. नेमका इथेच धीर सुटतो, जास्तीची शाई ओतली जाते आणि रेषा बुजतात. थांबा, चौथा छापा बघा.

बुजल्याच तर सुईने टोकरू नका, कडा तुटतात. शाई न लावता वर्तमानपत्राच्या कागदावर दोन-तीन छापे काढा, मग मऊ ब्रशने रेषा मोकळ्या करा. नवशिक्यांनी तेलाची शाई घ्यावी असं माझं ठाम मत आहे. पाण्याची शाई पंख्याखाली काचेवरच वाळते आणि थर समजेपर्यंत वेळ निघून जातो.

छापायला प्रेस नसेल तर लाकडी चमच्याची पाठ चालते. कागद न हलवता गोल गोल घासा, एक कोपरा उचलून पाहा, फिकट असेल तिथे पुन्हा घासा. शेवटी ठसा खाद्यतेलाच्या चिंधीने पुसा. पाण्यात बुडवू नका. मागचं तागाचं कापड ओलं झालं की ठसा वाकडा होतो.

एकसारख्या आलेल्या छाप्यांवरच पेन्सिलीने ३/२० (विसांतला तिसरा) असा क्रमांक टाका. फिके छापे आवृत्तीत, म्हणजे या क्रमांकाच्या प्रतींत, घालू नका, पण फेकूही नका. माझ्या पुढच्या ठशाचा आराखडा त्यांच्याच पाठीवर निघतो.