आधी कांदा करा: एम.एस्सी.नंतर क्वांटम केमिस्ट्रीत जायचं असेल तर

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या कॉलेजांतली एम.एस्सी. केमिस्ट्रीची पोरं प्रोजेक्टसाठी माझ्याकडे येतात. बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, मला कॅन्सरच्या औषधावर डीएफटी करायचंय." (डीएफटी म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून रेणूची ऊर्जा संगणकावर काढायची पद्धत.) मी म्हणते, आधी कांदा करा.

कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारा रेणू म्हणजे प्रोपेनथायल एस-ऑक्साइड. त्यात तीन कार्बन, सहा हायड्रोजन, एक गंधक, एक ऑक्सिजन असे अकराच अणू. साध्या लॅपटॉपवर सहज निघतो, आणि या विषयातली बरीचशी दुखणी त्या अकरा अणूंत भेटतात. शिवाय निफाड-येवल्याच्या पोराला घरी सांगता येतं की मी नेमकं करतो काय.

सामान फारसं लागत नाही. हिशोब करणारी सॉफ्टवेअर लागतात: पायएससीएफ आणि सायफोर मुक्त आहेत, ऑर्का शैक्षणिक वापरासाठी फुकट मिळतं, रेणूचं चित्र काढायला अव्होगाड्रो. लिनक्सची सवय आत्ताच लावा, क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या मोठ्या संगणकांवर) जॉब टाकताना माउस कामाला येत नाही. ऑर्कात मेमरीचा आकडा लिहिताना जपा, तो प्रत्येक कोअरमागे धरला जातो. चार कोअर घेऊन ४००० एमबी लिहिलेत की १६ जीबी मागितल्यासारखं होतं आणि ८ जीबीचा लॅपटॉप मान टाकतो. १५०० पुरे.

हात बसायला पाण्याचा एक रेणू करून बघा. प्रयोगातून मिळालेला कोन १०४.५ अंश. हार्ट्री-फॉक या पायाभूत पद्धतीला एसटीओ-३जी हा छोटा बेसिस सेट (इलेक्ट्रॉन कुठं पसरतील ते मांडणाऱ्या फंक्शनांचा संच) दिलात तर १०० अंश येतो, ६-३१जी स्टार हा मोठा दिलात तर १०५.५. समीकरण तेच, इलेक्ट्रॉनला पसरायला दिलेली जागा तेवढी बदलली. हे स्वतःच्या स्क्रीनवर बघितलं की बेसिस सेटवरची निम्मी शिकवणी वाचते.

आता कांदा. त्याच्या रेणूचे दोन आकार होतात: ऑक्सिजन इथाइल गटाच्या बाजूला असेल तर सिन, उलट बाजूला असेल तर अँटी. दोन्ही काढा, बी३एलवायपी या डीएफटीतल्या पद्धतीनं ऑप्टिमाइझ करा (म्हणजे कमी ऊर्जेचा आकार शोधा), आणि त्याच जॉबमध्ये फ्रीक्वेन्सी, म्हणजे कंपनांचे आकडेही मागा. बेसिस सेटमध्ये गंधकावर डी फंक्शन हवंच. साधा ६-३१जी घेतलात तर गंधक-ऑक्सिजनचा बंध फाजील लांब येतो. स्टार (म्हणजे हीच डी फंक्शनं) लावून तोच जॉब पुन्हा टाका आणि दोन्ही लांब्या वहीत शेजारी शेजारी लिहा.

फ्रीक्वेन्सीच्या यादीत ३३ ओळी दिसतील. पहिल्या सहा शून्य, कारण त्या अख्ख्या रेणूच्या सरकण्या-फिरण्याच्या. उरलेल्या २७ खऱ्या कंपनांच्या. त्यात एकही ऋण आकडा नको. असला तर तुमचा रेणू ऊर्जेच्या खिंडीत उभा आहे, दरीत उतरलेला नाही. बहुतेक वेळा मिथाइल गट चुकीच्या कोनात अडकलेला असतो. ते कंपन अव्होगाड्रोत हलवून बघा, त्या दिशेनं अणू थोडे सरकवा आणि पुन्हा ऑप्टिमाइझ करा. ही तपासणी न करता रिपोर्ट आणणाऱ्याला मी चहा पाजून परत पाठवते.

मग ऊर्जा. एकूण आकडा उणे ५९१ हार्ट्रीच्या आसपास येईल. एक हार्ट्री म्हणजे ६२७.५ किलोकॅलरी प्रति मोल, म्हणजे झाले पावणेचार लाखांच्या घरात. आणि आपल्याला सिन-अँटीतला फरक हवा, तोही एका किलोकॅलरीच्या अचूकतेनं! लासलगावला सात टनांचा ट्रॅक्टर-ट्रॉली भुईकाट्यावर चढवायचा, त्यातली एक गोल्टी (बारका कांदा) काढून पुन्हा चढवायचा आणि फरकावरून गोल्टीचं वजन सांगायचं, असा हा हिशोब आहे. जमतो एवढ्यासाठीच, की दोन्ही वेळा काटा सारखाच चुकतो. म्हणून सिन एका बेसिस सेटनं आणि अँटी दुसऱ्यानं काढून वजाबाकी करायची नाही. सॉफ्टवेअरही मिसळायचं नाही. ऑर्का आणि गॉसियन दोघंही 'बी३एलवायपी' म्हणतात, पण आतला एक तुकडा वेगळा असल्यानं एकूण ऊर्जा जुळत नाही. पोरं त्यावर रात्र घालवतात.

कांद्यात प्रत्यक्ष सापडतो तो मुख्यतः सिन, हे मायक्रोवेव्ह वर्णपटातून ठरलेलं आहे. तुमचं उत्तर त्याच्याशी ताडून बघा, मग फंक्शनल (बी३एलवायपी हे त्यातलंच एक) बदलून बघा. सिन-अँटीतला फरक दर वेळी किती हलतो, ती तुमच्या निकालाची खरी पत. प्रोजेक्टचा गाभा तोच, रंगीत ऑर्बिटलची चित्रं मागून लावा.

पुढची वाट थोडक्यात. अजून बी.एस्सी.त असाल आणि आयआयटी किंवा आयसर या विज्ञान संस्थांत एम.एस्सी.साठी जायचं तर जॅम ही प्रवेश परीक्षा, एम.एस्सी.नंतर पीएच.डी.साठी नेट किंवा गेट. २०२३ पासून जेआरएफला (पीएच.डी.च्या शिष्यवृत्तीला) दरमहा ३७,००० रुपये आहेत. "अंबडला क्यूसीत लाग की" (म्हणजे तिथल्या कारखान्यात माल तपासायच्या नोकरीला) म्हणणाऱ्या मामांना हा आकडा आधी सांगावा. गणितातलं रेषीय बीजगणित पक्कं करा, पायथन शिका. परदेशाचा विचार नंतर. आपल्या पुण्यातच या विषयाची जुनी बैठक आहे: विद्यापीठात श्रीधर गद्रे यांनी मोठे रेणू तुकड्यांत मोजायची पद्धत उभी केली, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) सौरव पाल यांनी कपल्ड क्लस्टर या जास्त अचूक पद्धतीवर काम केलं.

पीएच.डी.च्या गाइडला मेल लिहाल तेव्हा "मला आपल्या कार्यात अतीव रुची आहे" हे खोडा. त्यांचा एक पेपर वाचून त्यातला न कळलेला मुद्दा विचारा. खाली तीन ओळींत कांद्याचं लिहा: कोणती पद्धत, सिन-अँटीत किती फरक, कुठं शंका वाटते. आउटपुट फाइल जोडू नका, पण फोन आला तर उघडून समोर ठेवा.