झबलं वर करून पाहा

मी गडचिरोली जिल्ह्यात आशाताई आहे. लेकरू आजारी पडलं की आमच्याकडे घरचे कपाळाला हात लावतात, दृष्ट काढतात आणि पोराला दुपट्ट्यात घट्ट गुंडाळून ठेवतात. छाती मात्र कोणी पाहत नाही. म्हणून खोकला किंवा ताप असलेल्या घरी गेले की मी आधी म्हणते, बाई, झबलं वर कर अन् लेकराला उजेडात घे.

श्वास मोजायचा तो लेकरू शांत असताना. रडत असेल, दूध पीत असेल तर थांबा. फोनवर एक मिनिटाचा टायमर लावा आणि पोटाकडे पाहत राहा. पोट एकदा वर आलं की एक श्वास. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, तान्ह्या बाळाचा श्वास मधेच थांबून परत जोरात चालतो. 2 महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजा, आणि तेवढेच आले तर लगेच दवाखाना. 2 महिने ते वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांत 40 किंवा जास्त म्हणजे न्यूमोनिया समजून त्याच दिवशी पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

घरच्या बुढीला पन्नासपर्यंत मोजता येत नसेल तरी अडत नाही. आमच्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं दायांसाठी वाळूचं घड्याळ अन् मणी असलेलं साधन केलं होतं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मी तुरीच्या दाण्यांवर शिकवते. दहा श्वास झाले की एक दाणा बाजूला. सहा महिन्यांच्या लेकराचे मिनिटभरात पाच दाणे झाले की उठायचं.

आता घरचे ‘पोट उडून रायलं’ म्हणतात त्याबद्दल. तान्ह्या बाळाचं पोट श्वासाबरोबर हलतंच, त्याला घाबरू नका. पाहायचं ते बरगड्यांच्या खालच्या कडेला. श्वास आत घेताना तिथली छाती खोल आत ओढली जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, लेकरू कण्हत असेल किंवा ओठ-जीभ निळी दिसत असेल, तर 108 ला, म्हणजे सरकारी रुग्णवाहिकेला फोन. बुढ्या याला डब्बा म्हणतात आणि पोटावर बिब्बा लावा, डाग द्या म्हणतात. त्यानं लेकरू भाजतं आणि रात्र वाया जाते. ‘सकाळी नेजो’ हे तर मी ऐकूनच घेत नाही.

महिन्याच्या आतलं बाळ फसवं असतं. त्याला ताप येईलच असं नाही. ते अंगावर पिणं सोडतं, आवाज बारीक होतो, हातपाय ढिले पडतात. तापमान 99.5 फॅरनहाइटच्या वर किंवा 95.9 च्या खाली, दोन्ही वाईट. नेताना आईच्या उघड्या छातीला चिकटवा, डोक्याला टोपी घाला, वरून लुगडं घ्या. पीत असेल तर वाटेत पाजत राहा.

झटका आला तर लेकराला कुशीवर करा, आजूबाजूचं विळा-पाटा सरकवा, घड्याळ पाहा. दातात चमचा नको, तोंडात पाणी नको. कांदा, चप्पल हुंगवूनही काही होत नाही. 5 मिनिटांत थांबला नाही, परत आला किंवा लेकरू शुद्धीवर येत नसेल तर 108. आपल्या भागात मलेरिया आहे, तो डोक्यात जातो, म्हणून झटका थांबला तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवून रक्त तपासाच.

हगवणीत ओआरएसचं मोठं पाकीट 1 लिटर पाण्यात, 24 तासांत संपवायचं, सोबत झिंक 14 दिवस. डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसली किंवा लेकरू पाणीही पिईना, तर घरी थांबायचं नाही.

शेंगदाणा, बोराची आठोळी घशात अडकली आणि लेकरू खोकत, रडत असेल तर त्याला खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं 5 थापा. मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेखाली, दोन बोटांनी 5 वेळा दाबा. निघेपर्यंत आलटून पालटून हेच. मोठ्या पोराला मागून मिठी मारून बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेनं झटके द्या. वस्तू दिसत नसताना बोट घालू नका, ती आणखी खोल जाते.

फवारणीचं औषध किंवा रॉकेल प्यायलं तर उलटी करवू नका, बाटली सोबत घ्या. साप चावला तर कापू नका, आवळून बांधू नका, पोराला चालवू नका. मण्यार चावल्याची खूण बहुतेकदा दिसत नाही. खाली निजलेलं पोर पहाटे पोट दुखतं म्हणून उठलं आणि पापण्या जड झाल्या तर तोच संशय धरा.

108 ला पैसे लागत नाहीत. गाव, तालुका, लेकराचं वय, काय होतंय एवढं सांगा. पावसाळ्यात नाला भरला असेल तर तेही आधीच सांगा. टॉर्च घेऊन एक जण रस्त्यावर उभा करा, आणि लसीचं कार्ड घ्या.