राउटरच्या लॉगमधली ‘स्कॅन’ची ओळ कशी वाचावी

राउटरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, पहिल्यांदा उघडला की धस्स होतं. ‘पोर्ट स्कॅन’, ‘डॉस अटॅक: अ‍ॅक स्कॅन’ अशा ओळी एकाखाली एक, कधी मिनिटामिनिटाला. पोर्ट म्हणजे इंटरनेटवरून ये-जा करायचं क्रमांकाचं दार, स्कॅन म्हणजे अशी दारं चाचपून बघणं, डॉस अटॅक म्हणजे सेवा बंद पाडायचा हल्ला आणि ‘अ‍ॅक’ म्हणजे ‘मिळालं’ अशी पोच. पण बहुतेक वेळा ही बाहेरून कुणी दार ठोठावल्याची आणि राउटरने ते न उघडल्याची नोंद असते. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते (इंटरनेटवरच्या उपकरणांचे आकड्यांतले पत्ते) जगात जेमतेम ४३० कोटी आहेत. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली झीमॅप हे साधन आणलं, तेव्हा एका संगणकावरून हे सगळे पत्ते ४५ मिनिटांत तपासता येतात हे दिसलं. तुमचं दार त्यात येणारच.

आधी वेळ बघा. तारीख १९७० ची दिसली तर राउटर नुकताच चालू झालाय आणि त्याचं घड्याळ अजून लागलेलं नाही.

मग ‘सोर्स’ पत्ता, म्हणजे ओळ कुठून आली तो आयपी पत्ता, बघा. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर ओळ बहुधा तुमच्याच घरातल्या उपकरणाची आहे. १० किंवा १०० ने सुरू होणारा पत्ता मात्र इंटरनेट कंपनीच्या जाळ्यातलाही असू शकतो.

पत्ता बाहेरचा आणि सोर्स पोर्ट ४४३ किंवा ८० (वेबसाइटची नेहमीची दारं) असेल, तर ते बहुधा एखाद्या वेबसाइटचं उशिरा पोचलेलं उत्तर असतं. तुम्ही पान बंद केलेलं असतं, राउटरने ती जोडणी पुसलेली असते, म्हणून त्याला पाहुणा अनोळखी वाटतो. ‘अ‍ॅक स्कॅन’च्या कितीतरी ओळी अशाच असतात.

बाहेरच्या पत्त्याने तुमचं २२, २३, ४४५ किंवा ३३८९ पोर्ट (दुरून उपकरण किंवा फाइली हाताळायची दारं) चाचपलं असेल, तर राउटरमधलं ‘पोर्ट फॉरवर्डिंग’चं, म्हणजे बाहेरून घरातल्या उपकरणापर्यंत उघडून दिलेल्या दारांचं, पान उघडा. तिथे यातलं काही नसेल, राउटरचं रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटर चालवायची सोय) बंद असेल, तर ती ओळ सोडून द्या. असेल आणि ते का ठेवलंय हे घरात कुणालाच सांगता येत नसेल, तर आजच काढा. राउटरमधली यूपीएनपी ही सोयही बंद करा. उपकरणं त्यातून न विचारता दारं उघडतात.

खरी काळजी आतून बाहेर जाणाऱ्या ओळींची. घरातलंच एक उपकरण शेकडो अनोळखी पत्त्यांच्या २३ किंवा २३२३ पोर्टवर जात असेल, तर ते बाधित आहे असंच धरा. २०१६ च्या मिराई या घातक प्रोग्रामने नेमकं हेच केलं होतं: कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारे डबे) ताब्यात घेतले आणि त्यांच्याकडूनच पुढची सावजं शोधून घेतली. लॉगमधला पत्ता राउटरच्या ‘कनेक्टेड डिव्हाइसेस’ यादीशी जुळवा. फोनची नावं-पत्ते तिथे अनोळखी दिसू शकतात, कारण नवे फोन मॅक पत्ता (उपकरणाची नेटवर्कवरची ओळख) बदलून दाखवतात. आणि अँटिव्हायरससुद्धा कधीकधी घरातलं नेटवर्क चाचपतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

उपकरण सापडलं की क्रम चुकवू नका. राउटरमधून इंटरनेटची वायर काढा, कॅमेरा बंद करून परत चालू करा, पासवर्ड बदला, मगच वायर लावा. मिराई मेमरीत राहतो, त्यामुळे वीज गेली की जातो. पण जुनाच पासवर्ड ठेवून जोडलंत तर काही मिनिटांत परत येऊ शकतो. काही स्वस्त कॅमेऱ्यांत आतला पासवर्ड बदलताच येत नाही. त्यांना फर्मवेअरचा (आतल्या मूळ सॉफ्टवेअरचा) अपडेट मिळत नसेल, तर इंटरनेटपासून कायमचे तोडा. बाधित उपकरण कॅमेरा नसून संगणक असेल, तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर बॉट (उपकरण ताब्यात घेणारा असा प्रोग्राम) काढायची साधनं मोफत मिळतात.