एक्सोसोम मोजण्याआधी या चुका टाळा

गेल्या महिन्यात एक विद्यार्थिनी आलेख घेऊन आली. तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांत एक्सोसोम दुप्पट, निरोगी माणसांत निम्मे. तिचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. मी विचारलं, "रक्त किती वाजता काढलं? नळी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून रक्ताचे थर वेगळे करणाऱ्या यंत्रात, किती वाजता फिरवली?" वहीत दोन्ही नोंदी नव्हत्या. हाच प्रसंग मी इतक्या वेळा पाहिला आहे, की आता लिहून काढते.

पेशी आपल्या अंगातून बारीक पिशव्या बाहेर सोडतात. त्यांना पेशीबाह्य पुटिका म्हणतात. एक्सोसोम हा त्यातला लहान प्रकार, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचा. कॅन्सरची पेशीही त्या सोडते, आणि त्यांच्या पाठीवर इंटिग्रिनसारखे धरून ठेवणारे रेणू असतात. वर्धा, यवतमाळ, गडचिरोलीकडे खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खाऊन तोंड दोन बोटांपुरतंही उघडत नाही अशी तिशीतली पोरं आमच्याकडे येतात. एका नळी रक्तातून आजार लवकर कळला तर त्यांचा जबडा वाचेल, म्हणून या कामात घाई चालत नाही.

रस्त्यावर हिंदकळलेलं रक्त

काही वर्षांपूर्वी आमच्या गटाने घाटंजीकडच्या एका गावात तपासणी शिबिर घेतलं. रुग्णांचं रक्त तिथे काढलं, बर्फाच्या डब्यात ठेवलं आणि गाडीने आणलं. शिबिर आवरणं, वाटेतले खड्डे, चहाचा थांबा धरून नळ्या पोहोचायला पाच तास लागले. तुलनेसाठी निरोगी माणसं मात्र आमच्याच इमारतीतली. त्यांचं रक्त काढलं की अर्ध्या तासात फिरत होतं.

निकाल देखणा आला. रुग्णांत पुटिका भरपूर, आणि त्यांच्यावर बीटा-३ इंटिग्रिन ठळक. कॅन्सरमध्ये हा इंटिग्रिन वाढल्याचं वाचलेलं होतंच, त्यामुळे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. तीन महिने आम्ही त्याच वाटेने चालत राहिलो.

एका रात्री मी सीडी४१ शोधून पाहिलं. हा रेणू प्लेटलेटचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक कणांचा. बीटा-३ त्याच्याच जोडीला बसतो, आणि प्लेटलेटच्या अंगावर ही जोडी खच्चून भरलेली असते. पुटिका सीडी४१ ने लख्ख उजळल्या. दुसऱ्या दिवशी मी माझंच रक्त दोन नळ्यांत काढलं. एक लगेच फिरवली. दुसरी बर्फात घालून ड्रायव्हर भाऊंच्या हाती दिली आणि त्याच रस्त्याने गावापर्यंत नेऊन परत आणवली. संध्याकाळी दोन्ही शेजारी ठेवून मोजल्या. प्रवास केलेल्या नळीत पुटिकाही जास्त, सीडी४१ ही जास्त. मला कॅन्सर नाही. गारठा आणि हादरे बसले की प्लेटलेट चिडतात आणि पिशव्या सोडतात, एवढंच आम्ही तीन महिने मोजत होतो. १९६७ साली संशोधक पीटर वुल्फ यांनी प्लाझ्मातल्या, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या रक्ताच्या पाण्यातल्या, या कणांना प्लेटलेटची धूळ म्हटलं होतं. आम्ही ते वाचलेलं होतं, आणि तरी चुकलो.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. रक्त गोठू न देणारी सायट्रेटची नळी, एकवीस गेजची सुई, पहिले दोन-तीन मिलिलिटर रक्त बाजूला. नळी उभी ठेवायची, बर्फ नाही. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा उभ्या गाडीतलं तापमान हे खोलीचं तापमान नव्हे. मी जाड डब्यात साध्या गार पाण्याच्या बाटल्या ठेवते आणि मधोमध थर्मामीटर, वीस ते चोवीसच्या दरम्यान. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे लहान सेंट्रिफ्यूज सोबत नेते. ग्रामीण रुग्णालयातला एक प्लग मिळाला की काम भागतं. २५०० जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २५०० पट जोर), १५ मिनिटं, वरचा प्लाझ्मा काढून पुन्हा तेवढंच. गाळाजवळचा शेवटचा थर मी कधीच उचलत नाही. थेंबभर जास्त मिळावा म्हणून पिपेट खाली नेणारी मुलं मला बघवत नाहीत. प्लेटलेट न काढता प्लाझ्मा गोठवला तर त्या फुटतात, आणि मग कितीही भारी यंत्र असो, दुरुस्ती नाही.

तुलनेची माणसंही त्याच गावची, त्याच सकाळची, त्याच गाडीतून आलेली हवीत. रुग्णाला कोण सोबत येतं? भाऊ, जावई, शेजारी. त्यांनाच विचारा. बहुतेक जण हात पुढे करतात.

चहा-पोहे

खाल्ल्यावर रक्तात चरबीचे कण वाढतात. ते पुटिकांच्याच आकाराचे असतात, आणि संख्येने कितीतरी पट जास्त. कण मोजणारं यंत्र दोघांत फरक करत नाही. म्हणून मी नळी खिडकीशी धरते. प्लाझ्मा पातळ ताकासारखा दिसला तर बाजूला, लाल पेशी फुटून गुलाबी दिसला तरीही बाजूला. एका आजोबांना विचारलं, "घरून काय खाऊन निघाले बाबाजी?" ते म्हणाले, "काही नाही जी, चहा अन् वाटीभर पोहे. गोळी घ्याची होती नं." पहाटेच्या एसटीने ऐंशी किलोमीटर आलेल्या, आधीच गिळता न येणाऱ्या माणसाला आपल्या आलेखासाठी उपाशी ठेवायचं नाही. आदल्या रात्री भरती असेल तर पहाटे घ्या. नसेल तर खाल्लेलं लिहून ठेवा आणि तुलनेच्या माणसालाही तेच खाऊ द्या.

ट्रिप्सिन घालून ई-कॅडहेरिन शोधणं

ही चूक मला सर्वांत जास्त खुपते, कारण तिच्यावर अख्खे प्रबंध उभे राहतात. एका मुलाने गालाच्या कॅन्सरच्या पेशींना पुटिका घातल्या आणि फ्लो सायटोमीटर या एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर दाखवलं की पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं ई-कॅडहेरिन घटलं, म्हणजे पेशी सुटून पळायला तयार झाल्या. मी त्याच्या शेजारी बसून प्रयोग पुन्हा करायला लावला. पेशी प्लेटवरून सुटाव्यात म्हणून प्रथिनं कापणारं ट्रिप्सिन घालतात. साध्या प्लेटला त्याने ते दोन मिनिटं दिलं. पुटिकांची प्लेट लवकर सुटेना, तर ती बारा मिनिटं तशीच ठेवली आणि वर दोनदा टपल्या मारल्या. ई-कॅडहेरिनचे पाच भाग पेशीबाहेर असतात, आणि त्यांच्या सांध्यांत कॅल्शियम बसलेलं असतं. बाटलीतलं ईडीटीए ते कॅल्शियम ओढून घेतं आणि ट्रिप्सिन उघड्या पडलेल्या रेणूला कापतं. कॅल्शियम असेल तर कॅडहेरिन ट्रिप्सिनपासून वाचतं, हे जपानी संशोधक मासातोशी ताकेइची यांनी १९७० च्या दशकातच दाखवलं. कात्री त्या मुलाच्याच हातात होती. पेशी खरवडून वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिनं वजनानुसार पट्ट्यांत वेगळी करून पाहण्याची चाचणी, केली तेव्हा दोन्ही पट्ट्या सारख्याच आल्या.

मी पृष्ठभागावरचा रेणू पाहायचा असेल तर पेशी निव्वळ ईडीटीएने सोडवते, वेळ लागला तरी, आणि रेणू शोधणारी अँटिबॉडी लावण्याआधी कॅल्शियम परत देते. अँटिबॉडी रेणूच्या बाहेरच्या टोकाला धरते की आतल्या शेपटीला, हेही वहीत लिहा. पूर्ण रेणू १२० किलोडाल्टनच्या (हे रेणूच्या वजनाचं माप) आसपास दिसतो, बाहेरचा तुटलेला तुकडा ८० च्या. ८० ची पट्टी कापून फेकू नका. रुग्णाच्या रक्तात तोच तुकडा फिरत असू शकतो.

ई-कॅडहेरिन आहे म्हणून गाठ पसरणार नाही, असंही नाही. स्तनाच्या कितीतरी कॅन्सरमध्ये ते शाबूत असतं आणि आजार तरी पसरतो.

थोडक्यात सांगण्यासारख्या

पेशी वाढवायच्या सीरममध्ये गाईच्या पुटिका असतात. एक लाख जीवर १८ तास फिरवूनही त्या पूर्ण जात नाहीत, म्हणून पेशी न घातलेल्या माध्यमाची वेगळी नळी ठेवा.

हेपरिनची नळी नको. जनुकांच्या प्रती काढून मोजणारी पीसीआर चाचणी बिघडते, आणि पुटिका पेशीत शिरण्यातही अडथळा येतो.

सीडी९, सीडी६३, सीडी८१ या पुटिकांच्या खुणा दाखवून थांबू नका. पेशीच्या आतलं कॅलनेक्सिन आणि चरबीच्या कणांवरचं एपोबी नाही, हेही दाखवा.

पुटिका पेशीच्या आतल्या कप्प्यातून निघाली की कडेवरून, ते ठाऊक नसेल तर तिला एक्सोसोम म्हणू नका. पुटिका म्हणा.

जमिनीची गोष्ट अर्धवट सांगणं

इंग्लंडचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी पाहून बी आणि जमिनीचा विचार मांडला: कॅन्सरची पेशी म्हणजे बी, ती जिथे रुजते तो अवयव म्हणजे जमीन. आपल्याकडे तो समजावून सांगावा लागत नाही. बरडावर आणि काळ्या वावरात एकच सरकी टाकली तर पराटी सारखी येत नाही. २०१५ मध्ये संशोधक डेव्हिड लायडन यांच्या गटाने दाखवलं की पुटिका आधी जाऊन वखरपाळी करून ठेवतात. अल्फा-६ बीटा-४ आणि अल्फा-६ बीटा-१ या इंटिग्रिनच्या जोड्या असलेल्या फुप्फुसाकडे, अल्फा-व्ही बीटा-५ असलेल्या यकृताकडे. विद्यार्थी एवढंच उचलतात आणि आपल्या गालाच्या कॅन्सरवर चिकटवतात. ते काम प्रामुख्याने उंदरांत आणि दुसऱ्या अवयवांच्या कॅन्सरवर झालेलं आहे. तोंडाचा कॅन्सर आधी मानेच्या गाठींत उतरतो. मग आपला प्रश्न मानेच्या गाठीचा असायला हवा, आणि शस्त्रक्रियेत निघालेली ती गाठ तुमच्याच इमारतीत, पॅथॉलॉजीत ठेवलेली आहे.

लाइन गेल्यावर

उन्हाळ्यात वादळ आलं की लाइन जाते, कधी रात्रभर. उणे ऐंशीचा फ्रीझर सकाळी पुन्हा थंड दिसतो आणि कुणालाच काही कळत नाही. मी आत एका स्टीलच्या कपात पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवलं आहे. बर्फ वितळला तर नाणं खाली बसतं आणि पुन्हा गोठल्यावर तळाशीच राहतं. एवढ्यावर भागत नाही, कारण उणे दहापर्यंत तापमान चढलं तरी नाणं हलत नाही, म्हणून शेजारी तापमानाची नोंद ठेवणारं यंत्रही आहे. नमुने मी दोनशे मायक्रोलिटरच्या नळ्यांत वाटून ठेवते. एक नळी एकदाच वितळवायची, उरलेलं परत आत ठेवायचं नाही. दोन वर्षांपूर्वी जूनच्या एका सकाळी नाणं तळाशी सापडलं. त्या खणातल्या एकतीस नळ्यांवर मी लाल पट्टी लावली, आणि त्या रुग्णांपैकी जे हयात होते त्यांच्या घरी पुन्हा गेले.