वरच्या मजल्यावरचा उन्हाळा कसा काढायचा

कोल्हापुरात मंगळवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर आमची खोली आहे. डोक्यावर थेट स्लॅब. आजऱ्याहून नोकरीला आलो तेव्हा घरमालकीण काकींनी "वारं लई येतंय बघ हितं" असं सांगून खोली दाखवली, पण ती डिसेंबरात. वारं येतं हे खरंच आहे. एप्रिलात ते चुलीपुढं बसल्यासारखं येतं, एवढंच. (मी मुलगीच आहे. कोल्हापुरात आम्ही पोरी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतो. ऑफिसातली पुण्याची मैत्रीण वर्षभर हसली, आता फोनवर तीच 'ठेवतो गं' म्हणते.)

आम्ही तिघी राहतो. मी उद्यमनगरात हिशेब बघतो, एक विद्यापीठात शिकते, एकीची ड्युटी दवाखान्यात. हा आमचा तिसरा उन्हाळा. पहिला रडत काढला, दुसरा चुकत काढला. यंदा जमलंय, म्हणून लिहितोय. नवीन नोकरी लागून, भाड्याच्या खोलीत, एसीशिवाय कोण राहत असेल तर त्याला उपयोग होईल.

सगळ्यात आधी स्लॅबचा स्वभाव समजून घ्या. आम्हाला वाटायचं, दुपार सरली की सुटलो. तसं नसतं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि अंधार पडल्यावर खाली सोडत बसतो. बाहेर साडेसातला झुळूक सुटलेली असते, तेव्हा आमच्या खोलीत भिंतीला हात लावला तर गरम तव्यासारखी लागते. नऊ-साडेनऊपर्यंत हेच. त्यात कुणी गॅस पेटवून भाकरी थापायला बसली की झालंच. म्हणून आमचे नियम दोन. गॅस सकाळी एकदाच, सातच्या आत बंद. आणि रात्री आठ ते दहा खोलीत थांबायचं नाही. बाहेर फिरणं ही चैन नाही, खोली निवेपर्यंत वेळ काढायचा असतो. घरी आईला मी हेच सांगतो. तिला पटत नाही, तो भाग वेगळा.

सकाळी पावणेसहाला उठायचं. एका बाजूला कुकर, दुसऱ्या बाजूला तवा. भात आजऱ्याच्या घनसाळचा, घरून येताना पोतं घेऊन येतो. शिजताना वास जिन्यात जातो आणि खालच्या मजल्यावरची काकू "आज काय गं?" म्हणून विचारते. रोज भातच असतो.

ह्या भाताची एक युक्ती आजीकडनं आली. दहीभात करायला सकाळी भातात नुसतं दही कालवू नका. मे महिन्यात दही दुपारपर्यंत एवढं आंबतं की दात शिवशिवतात. सकाळी भात जरा मऊ शिजवा, कोमट होऊ द्या, डावानं मोडा, त्यात भात बुडेल एवढं कोमट दूध घाला आणि वर फक्त एक चमचा दही. मीठ आत्ता नको. झाकून ठेवायचं. ऑफिसला नेलं तर दुपारी डब्यात गोडसर दहीभात लागलेला असतो. खाताना मीठ, आणि वर तेलात तळलेली सांडगी मिरची चुरायची. मिरच्या रविवारी एकदम तळून बरणीत भरून ठेवायच्या. रात्रीसाठी वाटी राखायची असेल तर ती फ्रीजमध्येच, बाहेर ठेवलात तर फेकावी लागेल.

भाकरी सकाळीच, माणशी दोन. रात्री गार भाकरी खायची. पोरं नाक मुरडतात, पण गार भाकरी, खर्डा आणि ताक हे जेवण गरम पोळीभाजीपेक्षा उन्हाळ्यात चांगलं उतरतं.

खर्डा मात्र नीट करा, कारण इथंच सगळे मिक्सर लावतात आणि चटणी करून ठेवतात. लोखंडी तवा पाहिजे, नॉनस्टिक नको. दहा-बारा हिरव्या मिरच्या, देठ काढून, मधे मोडून. मोडल्या नाहीत तर फुटून अंगावर येतात, माझ्या मनगटावर डाग आहे. चमचाभर तेल, मिरच्या टाकायच्या आणि हलवायच्या नाहीत. खालची बाजू पांढरट, मग काळे ठिपके, मग उलटायच्या. अर्ध्यात लसणाच्या सात-आठ पाकळ्या सालासकट आणि मूठभर शेंगदाणे. गॅस बंद. आता जाडं मीठ टाकून तव्यावरच तांब्याच्या बुडानं रगडायचं. फिरवायचा नाही, दाबून पुढं ढकलायचा. मिरचीचं साल तव्याला चिकटतं, बी बाहेर येतं, लसणाचं साल आपोआप सुटून वर येतं, ते बोटानं उचलून टाकायचं. पाचव्या-सहाव्या रगड्याला मीठ विरघळून सगळं एकजीव दिसायला लागतं. तिथं थांबा. शेंगदाणा दाताखाली आला पाहिजे. हे करताना खिडकी उघडी आणि शेजारणीला आधी हाक. पहिल्या वर्षी तिघी खोकत जिन्यात आलो होतो आणि वर काय पेटलं म्हणून काकी बादली घेऊन आल्या होत्या.

आंबील रात्रीच कालवायची. आंबील म्हटली की इथल्या माणसाला रेणुकेची आंबील यात्रा आठवते, पण ती थंडीत. प्यायची खरी गरज वैशाखात. चार चमचे ज्वारीचं पीठ वाटीभर ताकात कालवून स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवा. सकाळी वास किंचित आंबूस येतो. चार वाट्या पाण्याला मीठ घालून उकळी आणा, कालवलेलं पीठ धारेनं सोडा आणि हलवत राहा, नाहीतर गुठळ्या. सात-आठ मिनिटांत चमच्याला पातळ थर धरते. निवली की ताक, ठेचलेला लसूण, जिरं, कोथिंबीर. बाटलीत भरून ऑफिसला न्यायची. अकराला कॅन्टीनचा चहा सुटला की पोट काय म्हणतंय ते बघा.

मोड आलेली मटकी हा आमचा तिसरा खांब. उन्हाळ्यात मोड रात्रीत येतात, फडकं ओलसर पाहिजे, निथळतं नको. कांदा, कैरीच्या बारीक फोडी, कांदा-लसूण चटणी, आणि वर मूठभर भडंग. पेटवायचं काही नाही, पाच मिनिटांत रात्रीचं खाणं. मटकी बांधून गावी जाऊ नका. मी गेलो होतो, आजऱ्याला, दोन रात्री. परत येऊन दार उघडलं तर मैत्रिणीला वाटलं उंदीर मेला. आता फडकं सोडलं की फ्रीज, हा कायदा.

कैरी, काकडी, लिंबू सगळं कपिलतीर्थ मंडईतनं आणतो, सकाळी कामावर जाताना. संध्याकाळी गेलं तर दिवसभर ऊन खाऊन कोथिंबीर मान टाकते. गुळाचं सांगायला नको, कोल्हापुरात राहून पन्ह्याला साखर घालणारा माणूस मी अजून बघितला नाही.

माठ घ्यायचा तर शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत जा, हातानं वाजवून घ्या, खणखणीत आवाज आला पाहिजे. आणल्यावर रात्रभर पाणी भरून ठेवा आणि ते ओतून टाका. आतनं साबण लावायचा नाही. माठ गार करतो कारण पाणी छिद्रातनं झिरपून बाहेर वाळत राहतं. साबणानं नाहीतर शेवाळानं छिद्रं बुजली की तो नुसता मडकं राहतो. आमचा पहिला मी स्वच्छतेच्या नादात घासून मारला. खाली ओली वाळू, भोवती ओलं फडकं, आणि वारा लागेल अशी जागा. कोपऱ्यात ठेवून उपयोग नाही.

मटण खोलीत शिजवत नाही. तासभर गॅस चालवून तिघींनी घाम गाळायचा, त्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा घरगुती खानावळीत जाऊन ताट घ्यायचं. मे महिन्यात मी तांबडा वाटीभरच घेतो आणि पांढऱ्यावर भर देतो. ह्यावरनं माझी दवाखानेवाली मैत्रीण मला कोल्हापूरची मानायला तयार नाही.

आता रात्र.

आठला खोलीला कुलूप. रोज पैसे मोडायचे नाहीत, म्हणून आठवड्यातले चार दिवस नुसता रंकाळा. टॉवरपासनं चौपाटीपर्यंत चालायचं, कट्ट्यावर बसायचं, पाय सोडायचे. पाण्यावरनं वारा येतो तो खरा गार. मे महिन्यात पाणी खाली जातं आणि कधीकधी वासही येतो, मग पदपथ उद्यानाच्या बाजूला सरकायचं. डब्यात मटकी घेऊन गेलो तर खर्च शून्य. कणीस घेतलं तर थोडं चिल्लर.

एक दिवस गंगावेशीत दूध कट्ट्यावर. म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसासकट ग्लास हातात. पैलवानांची सवय ती. मला कच्चं दूध सोसत नाही, सरळ सांगतो. मी किटली घेऊन जातो आणि घरी उकळतो, गॅसच्या नियमाला तेवढीच सूट. त्याचं सकाळी दही लागतं ते सुरीनं कापावं असं.

एक दिवस खासबागच्या खाऊ गल्लीत. तिथं १९१२ चं कुस्ती मैदान, आणि त्याला लागून १९१५ चं केशवराव भोसले नाट्यगृह, दोन्ही शाहू महाराजांच्या काळातली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नाट्यगृहाला आग लागली. त्या रात्री आम्ही गच्चीवर उभ्या होतो, तेव्हापासनं त्या बाजूनं जाताना मान वळतेच. गल्लीत खायचं ते तव्यावरचं, डोळ्यांसमोर गरम केलेलं. उघड्यावर कापून ठेवलेलं कलिंगड आणि अनोळखी बर्फ, दोन्हीला हात जोडा. एकदा एका गाड्यावरच्या बर्फाच्या गोळ्यानं मला तीन दिवस झोपवलं, आणि सलाईन लावायला ड्युटीवर माझीच मैत्रीण. अजून ऐकवते. उसाचा रस प्यायचा तरी "बिनबर्फाचा, आलं-लिंबू मारके" एवढं बोलायला शिका.

आणि कॉकटेल. बाहेरची मंडळी हा शब्द ऐकून चपापतात. आमच्याकडं कॉकटेल म्हणजे आईस्क्रीम, फळं, जेली, सुकामेवा सगळं उंच ग्लासात. माझ्या मामेभावानं फोनवर ऐकून आईला कळवलं होतं की ताई रोज कॉकटेल पिते. एका ग्लासात दोन चमचे मागितले तर कोणी काही म्हणत नाही.

फुटबॉलचा हंगाम चालू असेल आणि पाटाकडील नाहीतर शिवाजी तरुण मंडळाची मॅच असेल, तर संध्याकाळी शाहू स्टेडियमच्या रस्त्यानं गाडी घालू नका. मॅच बघायला जात असाल तर मात्र चालतच जा. पन्हाळ्याला रात्री नको, पहाटे पाचला निघा, वीसेक किलोमीटर आहे. झुणका-भाकर आणि मडक्यातलं दही खाऊन ऊन चढायच्या आत परत. चैत्र पौर्णिमेच्या आसपास तो बेत करू नका, जोतिबाच्या यात्रेला सगळा मुलूख त्याच रस्त्याला असतो.

परतायचं कसं ते निघायच्या आधी ठरवा. केएमटीच्या शेवटच्या बसवर विसंबू नका. आमच्यात एक गाडी आणि तिघी, म्हणून एक जण रिक्षानं, आळीपाळीनं. आमच्या जिन्याच्या दाराला साडेदहाला कडी. उशीर होणार असेल तर काकींना आधी फोन, नंतरच्या फोनला किंमत नाही.

राहिला वळीव. दुपारभर पान हलत नसेल, अंगाला कपडा चिकटत असेल आणि चारच्या सुमाराला ढग कापसाच्या ढिगासारखे वर चढत असतील, तर त्या संध्याकाळी छत्री नाही, बेतच बदला. गेल्या मेमध्ये एका रविवारी काकींनी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, पहाटे शिजवून सोऱ्यानं पाडलेल्या. त्या लग्नाला जाणार होत्या. "सहाला गोळा कर गं तेवढं," म्हणून मला किल्ली दिली. मी पावणेसहाला म्हटलं, अजून ऊन आहे, येऊन करतो. रंकाळ्यावर भेळेचा दुसरा घास, आणि धुळीचा लोट आला. मग टपोरे थेंब, मग गारा. गाडी सुरू होईना. भिजत, ढकलत घरी पोचून गच्चीवर गेलो तर साडीवर कुरडयांचा परत चीक झालेला.

काकी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांची वर्षाची चटणी कुटायची होती. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्या भाजून, पोत्यात भरून मी गाडीवरनं डंकावर नेल्या, दोन तास शिंकत रांगेत उभा राहिलो आणि डोळे सुजवून परत आलो. संध्याकाळी दारात चटणीची बरणी होती. मटकीवर घालतो ती तीच.

यंदा त्या जिन्यातनं हाक मारतात, "निघालीस व्हय रंकाळ्याला? वरचं काढलंस?"

काढलेलं असतं. येताना त्यांच्यासाठी कणीस आणतो, मीठ जास्त, तिखट कमी.