गोव्याच्या पावसात रोझमेरी जगवली ती अशी

फोंड्यात आमच्या घरी रोझमेरीची, म्हणजे स्वयंपाकात वापरायच्या सुगंधी पानांच्या झुडपाची, दोन रोपं लागोपाठ दोन पावसाळ्यांत मेली. पानं खालून काळी पडत वर सरकली आणि मला वाटलं, पाणी कमी पडतंय. म्हणून आणखी घातलं! चूक तिथेच होती. दुसरं रोप उपटलं तेव्हा मुळं तपकिरी, बुळबुळीत झालेली दिसली.

हे झाड भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ, चुनखडीच्या उतारांवरचं. तिथे पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. आपल्याकडे बरोबर उलटं, आणि त्यात जांभ्याची आम्लधर्मी लाल माती, जी कुंडीत घट्ट बसते.

तिसऱ्या वेळी मातीच बदलली. एक भाग बागेतली माती, एक भाग जाड नदीची वाळू, एक भाग कौलांचा बारीक चुरा, शेणखत मूठभरच. आईने तिसऱ्या या खाण्याच्या शिंपल्यांची कवचं धुऊन, वाळवून, कुटून दिली, त्यांची दोन चमचे पूड मिसळली. शिंपल्यांतला चुना आम्लता हळूहळू कमी करतो. कुंडी मातीचीच घेतली, प्लास्टिकमध्ये ओल अडकते.

जून ते सप्टेंबर कुंडी छपराखाली, पण वारा खेळेल अशा कठड्यावर. बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच पाणी. खुडताना हिरवे शेंडेच घेते; जुन्या लाकडापर्यंत कापलं तर तिथून सहसा फुटत नाही.

यंदा ऑक्टोबरात त्याच रोपाच्या बोटभर फांद्या, खालची पानं काढून, ओल्या वाळूत खोचल्या. सहापैकी चार रुजल्या. एक शेजारच्या काकींना दिली.